सराईतले दोघे

जवादने सराईतल्या जोडीचा प्रसंग एका दुपारीच लिहून हातावेगळा केला. वाचून दाखवला तेव्हा खोलीतले पाचही जण हसले, लमीसच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. जवादही हसला. आपल्याच विनोदाला आपण जरा उशिराने हसलो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही याचं त्याला बरं वाटलं.

बैरूतच्या बदारो भागात, तिसऱ्या मजल्यावर, त्यांचा सहा माणसांचा स्टुडिओ होता. दोन वर्षं ते एकच गेम बनवत होते, मिठाच्या तांड्याची. सुलाफा नावाची मुलगी बापाच्या मागे तांडा हाती घेते आणि समुद्रकाठचं मीठ डोंगरापलीकडच्या गावांना पोचवते. वाटेत मुक्काम लागतात, मुक्कामावर माणसं भेटतात. खेळणाऱ्याने त्यांच्याशी बोलायचं, त्यांची कामं करायची, पुढं निघायचं. गेम बाजारात आणणाऱ्या परदेशी कंपनीने मधेच एक पत्र धाडलं होतं: या माणसांत एक जोडपं दोन पुरुषांचं असावं, हल्ली खेळणारे तशी विचारणा करतात. संवाद लिहायचं काम जवादचं, म्हणून ते पत्र फिरत फिरत त्याच्या टेबलावर आलं.

त्याने घाटातली सराई त्या दोघांना देऊन टाकली. याकूत आणि सख्र. याकूत म्हणजे रेशमी रुमाल, कानामागे अत्तर, आणि मनगटं अशी सैल की आत हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक तांडेवाल्यावर त्याचा लाडिक डोळा. सख्र म्हणजे दार अडवून उभा राहणारा आडदांड गडी, अख्ख्या गेममध्ये सात शब्द बोलणारा. दुसऱ्या प्रकरणात याकूतने हसवायचं. तिसऱ्यात दरोडेखोरांनी त्याला मारायचं, म्हणजे सख्र टाहो फोडणार, सुलाफाचं रक्त उसळणार आणि गोष्ट लढाईकडे वळणार. दुसऱ्या गेम्समध्ये असे दोघे आले की एक तर हसवायला येतात, नाही तर मरायला. जवादने दोन्ही सोयी करून ठेवल्या होत्या.

अशी माणसं त्याला ठाऊक नव्हती असं नाही. तो स्वतःच त्यांतला होता. चौतीस वर्षांच्या आयुष्यात हे त्याने दोन मित्रांना सांगितलं होतं आणि स्टुडिओत कुणालाच नाही. त्या जोडीबद्दल आपण जरा जास्त खरं लिहिलं तर कुणीतरी विचारायचं, तुला रे हे कसं माहीत, ही त्याची धास्ती. म्हणून सगळ्यांना आधीपासून जे माहीत होतं तेच त्याने लिहिलं.

"याकूतला आवाज एकाच माणसाचा," लमीस म्हणाली. स्टुडिओ तिचा होता, शेवटचा शब्दही तिचा. "उस्ताद मिल्हेम. आहेत ना अजून?"

"झंबक?" तौफीक खुर्चीतून उठलाच. पात्रांच्या हालचाली तो करायचा. त्याने तिथंच कंबर वाकडी केली, बोटं हवेत नाचवली आणि नाकातून किनरा आवाज काढला, "मालक, माझ्या जोड्याला चिखल लागला, आता मी मरणार."

पुन्हा हशा झाला. जवाद मात्र टेबलावरचे कागद गोळा करू लागला.

झंबक हा एका जुन्या कार्टूनमधला दुष्ट वजिराचा नोकर, आवाज मिल्हेम यांचा. लेबनॉनमध्ये जवादच्या वयाच्या प्रत्येकाने तो पाहिलेला. सैदा शहरातल्या शाळेत चौथीच्या वर्गात कुणीतरी जवादला पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली आणि ती पुढं पाच वर्षं त्याला चिकटली. फळ्याजवळ गेला की मागून तोच किनरा आवाज. भट्टीवर पाव आणायला गेला तरी तोच. हा आवाज ज्या कुणी काढला त्याच्या घशात काटा अडको, असं तो तेव्हा मनातल्या मनात म्हणायचा. आता तोच घसा त्याच्या ओळी बोलायला येणार होता.

समोरच्या इमारतीचा जनरेटर सकाळी दहा ते बारा बंद असे, त्यामुळे आवाज भरायचं काम तेवढ्याच वेळात उरकावं लागे. उस्ताद मिल्हेम पावणेदहालाच आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा, काडीसारखा माणूस. हातात काठी, कडक इस्त्रीचा शर्ट, कानामागे थोडंसं अत्तर. त्यांच्यामागून थर्मास घेऊन एक ठेंगणा, रुंद, टक्कल पडलेला म्हातारा धापा टाकत जिना चढला.

"हा नूबार," मिल्हेम म्हणाले. "गाडी हा चालवतो. मला हात लावू देत नाही. म्हणतो, तू रस्त्यापेक्षा माझ्याकडेच बघून बोलतोस."

नूबारला ऐकू कमी येत होतं. कुणी विचारायच्या आत तो स्वयंपाकाच्या खोलीत गेला, फ्रिजच्या पाठीवर तळहात टेकवून क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "हा मरतोय. पेचकस आहे का कुणाकडे?" त्याचा जन्म फ्रिज दुरुस्त करण्यात गेला होता. तो मांडी घालून फ्रिजमागे बसला आणि मिल्हेम माइकपुढे.

पहिल्याच दमात त्यांनी याकूत उभा केला. लाडिक हेल, उसासे, मधेच चिरकणारं हसू, एकही श्वास वाया न घालवता. काचेपलीकडे तौफीकने तोंडावर हात दाबून धरला होता. प्रसंग संपला, मिल्हेमनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्यांचा मूळचा, खर्जातला आवाज बाहेर आला.

"लिहिलंय कुणी?"

"मी," जवाद म्हणाला.

"छान लिहितोस. वाक्यं जिभेवर बसतात." त्यांनी कागद चाळले. "हा याकूत जेवतो काय?"

"म्हणजे?"

"सराई चालवतो ना? रोज पन्नास माणसांना जेवू घालतो. मग तो स्वतः काय जेवतो? त्याच्या हातचं काय खाऊन सख्र नाक मुरडतो? दोघं भांडतात कशावरून?"

जवाद म्हणाला, "तशी गरज पडली नाही, उस्ताद."

"या आवाजात मी अकरा भूमिका केल्या, पोरा. न्हावी, नोकर, शिंपी, एक राक्षससुद्धा होता. अकरांतल्या एकाच्याही घरी चूल नव्हती. आले, हसवलं, गेले. कुठं गेले कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं."

"आवाज तर तुमचाच होता," जवाद बोलून गेला. बोलण्याला धार आली होती आणि ती त्याला स्वतःलाच जाणवली. लमीसने वळून त्याच्याकडे पाहिलं.

मिल्हेम रागावलेले दिसले नाहीत. "माझाच. म्हणून तर विचारतोय," ते म्हणाले. मग लमीसकडे वळले. "बाई, लिहिलंय तसं मी बोलून दिलं. तुम्हाला तेच हवं असेल तर माझं काम झालं. पण शेवटचं ठरवायच्या आधी या पोराला रविवारी माझ्याकडे जेवायला पाठवा."

"पाठवते," लमीस म्हणाली. एवढ्यात फ्रिज घरघरून सुरू झाला आणि जवादची उत्तरातून सुटका झाली.

रविवारी तो गेला खरा, पण मनात अढी घेऊनच. बुर्ज हम्मूदमधल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते राहायचे. दार नूबारने उघडलं, आणि जवाद आत शिरायच्या आधी मागे वळून ओरडला, "पोरगा आलाय. लिंबू पिळू का नको?"

"नको," आतून खर्जातला आवाज आला.

"पिळलं."

जेवायला टोमॅटोच्या रश्शातली भेंडी होती, भात होता, आणि लिंबावरून चाललेला वाद होता. तो वाद आजचा नव्हता हे पहिल्या पाच मिनिटांत कळत होतं. मिल्हेम पावाचे कडक काठ तोडून स्वतःच्या ताटात घेत आणि मऊ भाग न बघताच नूबारकडे सरकवत. नूबार तो खात खात सांगत होता की या माणसाला भेंडीतलं काडीचं कळत नाही, डोंगरातली माणसं दही आणि दगड खाऊन वाढलेली असतात. मिल्हेम जे बोलत ते नूबारच्या डाव्या कानाशी वाकून, हळू, अगदी खालच्या पट्टीत.

"बारीक आवाज याला येईनासे झाले," त्यांनी जवादला सांगितलं. "पाखरं गेली, दाराची घंटा गेली. जाड आवाज तेवढे पोचतात. झंबक आता या घरात कुणालाच ऐकू येत नाही."

ते नाव आलं आणि जवादने घास खाली ठेवला. "मला शाळेत झंबक म्हणायचे," तो म्हणाला. "चौथीपासून आठवीपर्यंत."

"काय म्हणतो हा?" नूबारने विचारलं. मिल्हेमनी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. नूबारने जवादकडे पाहिलं, मग मिल्हेमकडे, आणि लिंबाची फोड ताटाच्या कडेला ठेवून दिली.

"पस्तिशीचा होतो मी तेव्हा," मिल्हेम म्हणाले. "दिग्दर्शक म्हणाला, बायकी काढ. मी काढला. सगळे हसले. मला वाटलं, माझ्यातलं एवढंच लोकांना चालतंय, तर चालू दे. निदान काहीतरी चालतंय." त्यांनी पाण्याचा पेला सरळ केला. "तो आवाज कुणाच्या पाठीवर पडतोय हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. माझ्याही मागे पोरं लागायची. तुझी पाच वर्षं मला परत करता येणार नाहीत. पण तू जे लिहिलंस, ते ऐकून आणखी कुणाची तरी चौथी सुरू होईल. एवढं सांगायला बोलावलं तुला."

जवादच्या मनातली अढी त्या क्षणी सुटली असं नाही. पण तो उठून गेला नाही, आणि संत्री सोलताना नूबारने लढाईच्या दिवसांचा विषय काढला तेव्हा तो कान देऊन ऐकत बसला.

शहर तेव्हा यादवी युद्धाने दोन तुकड्यांत वाटलेलं होतं. नूबार पूर्वेला, मिल्हेम पश्चिमेला, रेडिओच्या इमारतीजवळ. मधे संग्रहालयापाशी नाका, आणि नाक्यावर बंदुका. ओळखपत्रावरचा धर्म बघून माणूस उचलत. पलीकडच्या एका इस्पितळात रक्त साठवायचा फ्रिज होता आणि तसले फ्रिज दुरुस्त करणारा शहरात नूबार एकटाच उरला होता. एकदा खरंच दुरुस्ती निघाली, त्याला दोन्ही बाजूंनी परवाना मिळाला. दुरुस्ती झाल्यावर तो तिथल्या मोठ्या नर्सबाईंना म्हणाला, हा फ्रिज दर गुरुवारी तपासावा लागेल. त्या म्हणाल्या, फ्रिज तर उत्तम चाललाय. तो म्हणाला, हो, चाललाय. त्यांनी त्याच्या इस्त्री केलेल्या शर्टाकडे पाहिलं, आणि वहीत लिहिलं, दर गुरुवारी.

"दोन वर्षं," नूबार म्हणाला. "दोनदा गोळ्या सुटल्या. एकदा अवजारांच्या पेटीला लागली, हातोडी वाकली. तिथून याच्या घरी जाऊन तासभर बसायचो. हा चहा करायचा, वाईट करायचा. परत यायचो."

"त्या नर्सबाईंनी कधी विचारलं नाही?" जवादने विचारलं.

"विचारलं एकदा. 'तो ठीक आहे ना?' म्हणाल्या. मी म्हटलं, ठीक आहे. त्या म्हणाल्या, मग पुढच्या गुरुवारी."

त्याच्या डोळ्यांपुढे सराई उभी राहिली होती. घाट, पहारे, दोन टोळ्या, आणि दर आठवड्याला मरणाच्या दारातून जाणारा सख्र. "उस्ताद, हे मी घेऊ? नावं बदलून. लोक रडतील."

"नाही," मिल्हेम म्हणाले.

जवाद गोंधळला. "पण हे तर खरं आहे."

"खरं आहे, म्हणूनच आमचं आहे. आणि दुसरं असं. आधी तुम्ही आम्हाला वेडगळ केलंत. मग मारलंत, म्हणजे लोकांना आमची कीव यावी. आता संत करणार. गोळ्यांतून गेले, म्हणून त्यांना एकत्र राहायचा हक्क, असंच ना? आणि जो कुठल्याच गोळीतून गेला नाही त्याने काय करायचं? नूबार संत? या माणसाने जन्मात पातेलं घासलेलं नाही."

"भिजत घालतो," नूबार म्हणाला. एवढं बरं त्याला ऐकू आलं.

"तीन दिवस भिजत घालतो." मिल्हेम जवादकडे वळले. "कंटाळवाणे असू देत रे ते दोघं. आणि अत्तर काढू नकोस. अत्तर लावणारे, हात हलवून बोलणारे पुरुष असतात, मी त्यांतला आहे, मला त्याची लाज नाही. फक्त अत्तराच्या मागे माणूस ठेव."

त्यानंतर दहा दिवस जवाद लिहीत होता आणि फाडत होता. आता त्याला कुठल्या गेममधून काही उचलायची सोय राहिली नव्हती. त्याने स्वतःच्या मनात साठवलेलं बाहेर काढायला सुरुवात केली. एका मित्राबरोबर काढलेले सहा महिने, त्याला चहात साखर किती लागायची, तो रुसला की कुठल्या कुशीवर झोपायचा. आजवर हे त्याने कुठंही लिहिलं नव्हतं. लिहिताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरंच माहीत आहे.

नव्या प्रसंगात तबेल्याचं छप्पर गळत होतं. गुडघा दुखत असताना सख्र शिडीवर चढलेला, खाली शिडी धरून याकूत त्याच्या नावाने शंख करतोय. पाहुणी आली तरी भांडण थांबत नाही. तिला डांबर आणायला पाठवतात, तिने आणलेलं डांबर चांगलं की वाईट यावरून पुन्हा जुंपते. संध्याकाळी सख्र काही न बोलता पाय पुढं करतो आणि याकूत काही न बोलता त्याच्या गुडघ्याला तेल चोळतो. तिसऱ्या प्रकरणात कुणी मरत नव्हतं. सुलाफा परतताना पुन्हा सराईत उतरायची, आणि दोघं दुसऱ्याच कशावरून भांडत असायचे.

वाचून झाल्यावर कुणी हसलं नाही. तौफीकने डोकं खाजवलं. "चांगलंय. पण मजा कुठंय? आणि ते दोघं तसे आहेत, हे लोकांना कळणार कसं?"

"कळेल."

"कसं? एकही खूण ठेवली नाहीस तू."

"गुडघ्याला तेल कोण लावतं, तौफीक?"

"माझी आई लावते बाबांना," तौफीक म्हणाला.

"तरी मला शंका आहे," लमीस म्हणाली. "तुला एवढी खात्री कशी, की हेच खरं वाटेल?"

ज्या प्रश्नाला तो इतकी वर्षं टाळत आला होता तो शेवटी असा, कामाच्या गप्पांत, सहज समोर आला. म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आलो म्हणून, असं सांगता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"कारण मी तसाच आहे," तो म्हणाला. "पहिला मसुदा मी भीतीने लिहिला होता. हा नाही."

लमीसने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "बरं," ती म्हणाली. "मग दुसऱ्या पानावरचं शिडीचं वाक्य लांब आहे. तोडावं लागेल. आणि मरणाचा प्रसंग गेला हे कंपनीला मी कळवते, तू मधे पडू नकोस."

संध्याकाळी तौफीक दोन कप कॉफी घेऊन त्याच्या टेबलाशी आला. कप ठेवून तसाच उभा राहिला. "त्या दिवशी मी ते झंबकचं सोंग केलं..."

"बरं केलंस. मनगट जरा जास्त सैल होतं."

तौफीक हसला, पण कान लाल होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याने याकूतच्या जुन्या हालचाली पुसल्या आणि वडिलांना फोन करून विचारलं, तुमचा गुडघा दुखतो तेव्हा जिन्यावर आधी कुठला पाय टाकता?

कंपनीशी लमीसची तीन आठवडे पत्रापत्री चालली. मरण नसेल तर सुलाफा लढाईला उठेल कशाला, असा त्यांचा सवाल. परत यायला एक जागा आहे म्हणून उठेल, असं लमीसने जवादचंच वाक्य लिहून पाठवलं. त्यांना पटलं ते निराळ्याच कारणाने: एक मोठा प्रसंग कमी झाला तर काम महिनाभर आधी संपत होतं. कसं का होईना, याकूत वाचला.

सख्रला आता सातऐवजी तीनशे शब्द झाले होते आणि त्यासाठी दुसरा नट शोधायचा होता. मिल्हेम म्हणाले, "कशाला? आमच्या वेळी एकेक जण चार-चार माणसं बोलायचा." माइकपुढे बसून त्यांनी आधी याकूत केला. मऊ, नखरेल, थोडा चिडका, पण घरातला. मग खुर्चीत सरकून बसले, मान खांद्यांत घातली, आणि सख्र बोलू लागला. तो हुबेहूब नूबार होता. तेच तुटक बोलणं, वाक्य संपल्यावर नाकातून सोडलेला तोच श्वास. दोन तास ते एकटेच स्वतःशी भांडत होते आणि एकदाही एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळला नाही. जवाद काचेपलीकडे उभा होता. शाळेतली पाच वर्षं ज्याला शिव्या घातल्या त्या घशाकडे तो बघत होता. चार दशकं याच घशाकडून लोकांनी एकच सूर मागून घेतला होता, आणि त्यात एवढं सगळं शाबूत राहिलं होतं.

आवाज सर्वांत मोठा करून नूबारला हेडफोन लावले. त्याने डोळे मिटून ऐकलं. "हा पहिला तू," तो मिल्हेमना म्हणाला. "हा दुसरा कटकट्या कोण?"

"तू."

नूबारने पुन्हा ऐकलं. "मी असा बोलतो?"

"अजून वाईट बोलतोस. ही चांगली बाजू."

सगळं जमून आलं असं वाटत असताना वितरकाचा निरोप आला. आजूबाजूच्या काही देशांत गेम विकायचा तर एक ओळ बदलावी लागेल. सुलाफा सख्रकडे बोट दाखवून विचारते, हा तुझा कोण? याकूत म्हणतो, माझं माणूस. त्याऐवजी 'चुलतभाऊ' करा, बाकी काहीही बदलू नका. लमीसने दोन दिवस वाद घातला. ते देश सोडले तर स्टुडिओ पुढच्या वर्षी नसता. शेवटी तिने जवादला बाहेर नेऊन सांगितलं, आणि तो मान खाली घालून बुर्ज हम्मूदला गेला.

मिल्हेम ऐकून हसायला लागले. इतके की त्यांना ठसका लागला. "पस्तीस वर्षं या इमारतीत आम्ही चुलतभाऊ आहोत," ते म्हणाले. "हा आर्मेनियन ख्रिस्ती, मी शूफच्या डोंगरातला, द्रुझ पंथाचा. हे नातं जमलं कसं असं एकाही शेजाऱ्याने आजवर विचारलेलं नाही. त्या शब्दावर माझी जेवढी मेहनत झालीय तेवढी कुठल्याच भूमिकेवर नाही. चल, उद्या लाव माइक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकच ओळ भरली. जवादने सुलाफाचा प्रश्न वाचला, "हा तुझा कोण?" मिल्हेम थांबले. फार नाही, माणूस दाराबाहेर कोण उभं आहे याचा अंदाज घेतो तेवढंच. मग म्हणाले, "चुलतभाऊ." शब्द साधाच होता, आवाज जराही चढला नाही. पण त्यात मुलांची थट्टा होती, शेजारणींची नजर होती, रोज जिना चढताना दोघांनी तोंडावर आणलेलं निर्विकार हसू होतं, आणि या सगळ्याच्या तळाशी इतकी निवांत माया होती की लमीसने मान फिरवली. तौफीक यंत्रापाशी बसला होता, तो बटण दाबायचं विसरला आणि पुढचं पाऊण मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड झाली.

"पुन्हा घेऊ?" मिल्हेमनी विचारलं.

"नको," जवाद म्हणाला.

वितरकाने ओळ तपासली, शब्द बरोबर आहे म्हणून शिक्का मारला. गेम शरदात बाजारात आली. फार गाजली नाही, बुडालीही नाही. सराईत विनोद कमी आहे अशी तक्रार काहींनी केली. काहींनी वाईट शब्दांतही लिहिलं, ते लमीसने वाचून पुसून टाकलं. पण पहिल्या महिन्यापासून निराळी पत्रंही येऊ लागली. अम्मानमधल्या एका शिक्षिकेने लिहिलं, मी काम नसतानाही घाटात परत जाते, त्या दोघांचं भांडण ऐकायला. मस्कतहून कुणी निनावी विचारलं, आणि मग ओरानहून, मोसूलहून, एकामागून एक, थोड्याफार फरकाने एकच प्रश्न: ते दोघं खरंच चुलतभाऊ आहेत का, की त्या आवाजात मला दुसरंच काही ऐकू आलं?

उत्तरं द्यायचं काम लमीसने जवादकडे सोपवलं. काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही. सकाळी कामाला बसण्याआधी तो ती पत्रं उघडायचा आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव खाली घालून एकच ओळ लिहायचा: तुम्ही बरोबर ऐकलंत.